एका गाण्याचे चार हक्क

समजा, कोल्हापुरातली एक मुलगी रात्री खोलीतला पंखा बंद करते, खिडकी लावून घेते आणि स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं लॅपटॉपला जोडलेल्या माइकवर गाते. रेकॉर्डिंग थांबवते. कुठे नोंद झालेली नाही, कुणी शिक्का मारलेला नाही, एक रुपया फी भरलेली नाही. तरीही भारतीय कॉपीराइट कायद्याच्या लेखी त्या खोलीत चार वेगवेगळे हक्क जन्माला आले आहेत: शब्दांचा, चालीचा, ध्वनिमुद्रणाचा आणि गायनाचा. चारही तिचेच. गाण्याला हात लावता येत नाही, ते कपाटात ठेवता येत नाही. पण त्याच्या पोटात चार मालमत्ता असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य निराळं असतं. याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

शब्दांचं फारसं सांगायला नको. जो लिहितो त्याचे. चालीची गोष्ट मात्र विलक्षण आहे. १९५७च्या मूळ कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली रचना. कागदावर नसलेली चाल कायद्याला दिसतच नव्हती! आणि हे अशा देशात, जिथे बंदिशी पिढ्यान्‌पिढ्या गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात गेल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या त्या विद्या टिकावी म्हणून. ते स्वतः वकिलीचं शिक्षण घेतलेले होते, हे आठवलं की तो योगायोग फार सुंदर वाटतो. कायद्याने आपली चूक सुधारली ती १९९४ साली. तेव्हापासून, चाल लिहून ठेवलेली असो वा नसो, ती रचणारा संगीतकारच.

गळ्यालाही तेवढंच थांबावं लागलं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात चित्रपटगीतांच्या हक्कांचा खटला निकाली निघाला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने गेला, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःची एक टिपणी जोडली. आपल्या संगीतात जादू गाणाऱ्याच्या गळ्यात असते आणि त्याच गळ्याला कायद्यात जागा नाही, असा तिचा आशय होता. संसदेने याचा विचार करावा, असंही त्यांनी सुचवलं. कलावंताचा स्वतंत्र हक्क आला तो १९९४च्याच दुरुस्तीने. आज तो ५० वर्षं टिकतो.

आता चौथा हक्क, ध्वनिमुद्रणाचा. संगीताच्या धंद्यात याला ‘मास्टर’ म्हणतात आणि बहुतेक भांडणं याच्यावरून होतात. कायदा सांगतो की, ध्वनिमुद्रण करण्यात जो पुढाकार घेतो आणि त्याची जबाबदारी उचलतो, तो निर्माता. आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे हा निर्माता. गाणारा नव्हे, वाजवणारा नव्हे. स्टुडिओ आणि वाद्यवृंदाचा खर्च, तबकड्या काढण्याचा कारखाना हे सगळं एखाद्या कंपनीलाच झेपायचं, तेव्हा मास्टर कंपनीचा, हे सरळच होतं.  पुढे यंत्राची किंमत उतरली आणि मालकी कुणी न मागता कलावंताच्या खोलीत येऊन बसली. कोल्हापुरातल्या त्या मुलीने पुढाकारही घेतला आणि जबाबदारीही, म्हणून गीतकार, संगीतकार, गायिका आणि निर्माती अशा चौघीजणी ती एकटीच आहे. स्वतंत्र कलावंत म्हणजे नेमकं काय, याचं माझ्या मते हेच उत्तर. (मात्र स्टुडिओ मित्राने ठरवला, पैसे त्याने भरले, सगळी जुळवाजुळव त्याने केली, तर निर्माता कोण, हा प्रश्न उभा राहतो. तो गाणं गाजण्याआधीच कागदावर सोडवलेला बरा.)

हे हक्क खरोखर वेगळे आहेत, याचा सगळ्यात झगझगीत पुरावा अमेरिकेत मिळाला. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर कंपनीकडे होते आणि २०१९मध्ये कंपनीसकट ते विकले गेले. पण गाणी लिहिणारी तीच; शब्द आणि सूर यांचा हक्क तिच्याकडे होता. मग तिने २०२१ ते २०२३ या काळात त्यांतले चार अल्बम पुन्हा गाऊन काढले. तीच गाणी, नवे मास्टर, मालकी तिची. पुढे २०२५मध्ये तिने जुने मास्टरही विकत घेतले.

तिच्याइतकी ताकद फार थोड्यांकडे असते. म्हणूनच आपल्या कायद्यातली काही कलमं वाचताना मन भरून येतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी दिलेला शब्द चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं समजतात. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभर तो वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो आपोआप परत येतो. म्हणजे कागद जिथे गप्प आहे, तिथे कायदा कलावंताच्या बाजूने बोलतो! २०१२च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क दिले गेले असं धरत नाहीत. आणि गीतकार-संगीतकार बाकी सगळं विकू शकतात, पण रॉयल्टीतला समान वाटा त्यांना विकता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला तो देता येतो, कंपनीला नाही. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत ठामपणे उभे राहिले होते.

आज गाणं स्पॉटिफायवर किंवा यूट्यूब म्युझिकवर पोचवायला डिस्ट्रिब्युटर लागतो. चांगल्या करारात तो मालकी घेत नाही, फक्त परवाना घेतो. सही करण्याआधी याच एका फरकावर बोट ठेवून वाचावं. गाणं चढवताना मास्टरला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, आयएसआरसी. शब्द आणि चाल मिळून जी रचना होते, तिचा क्रमांक निराळा, आयएसडब्ल्यूसी. एकाच गाण्याचे पैसे या दोन क्रमांकांमागे दोन वाटांनी चालत येतात. ज्याने फक्त मास्टर नोंदवला आणि रचना आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीकडे नोंदवलीच नाही, त्याची दुसरी वाट बंदच राहते.

अभंगाचं उदाहरण घेतलं की हे सगळं लख्ख दिसतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. वारीतली परंपरेची चाल कुणा एकाची नाही. पण त्याच अभंगाला आज कुणी नवी चाल लावली, तर ती चाल त्याची आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण ते करणाऱ्याचं. शंभर गायकांनी एकच अभंग गायला, तर शंभर मास्टर तयार होतात. यूट्यूबवरची आवाज ताडून पाहणारी यंत्रणा साम्य शोधते. ते साम्य परंपरेतून आलं की चोरीतून, हे तिला कळत नाही. अशा वेळी मूळ रेकॉर्डिंगच्या सुट्या ट्रॅकच्या फाइली जपून ठेवलेल्या असल्या, तर दाव्याला उत्तर देता येतं.

आणि प्रत्येक हक्काची अखेर वेगळी. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, शब्द आणि चालीचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘जगाच्या पाठीवर’ हा चित्रपट १९६०चा. गीतं गदिमांची, संगीत बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडके यांचं. त्या वर्षी बाहेर आलेल्या ध्वनिमुद्रणांची मुदत २०२०अखेर संपली. गदिमा १९७७मध्ये गेले, त्यामुळे शब्दांचा हक्क २०३७अखेरपर्यंत. बाबूजी गेले २००२मध्ये, त्यामुळे चालींचा २०६२अखेरपर्यंत. म्हणजे त्या गाण्यांच्या आयुष्यात पंचवीस वर्षं अशी येणार आहेत, की शब्द कुणीही घेऊन नवी चाल लावावी, पण बाबूजींच्या चालीसाठी मात्र परवानगी मागावी.