*ग्रॅमचं औषध झाकणाने मोजू नका*



लोणी-धामणी भागात रब्बी कांद्याच्या फवारण्या चालू आहेत. पंपाला औषध टाकताना आपल्याकडे "एक झाकण", "दोन चमचे" असं माप चालतं. पातळ औषधाला मापाचं झाकण चालून जातं, पावडरीला मात्र ते फसवतं. का ते समजून घ्या, म्हणजे डोस चुकणार नाही.

*पातळ आणि घट्ट पदार्थात फरक काय?*
पाणी, दूध, पातळ औषध हे द्रव पदार्थ. त्यांना स्वतःचा आकार नसतो. कळशीत ओता, कळशीचा आकार; पाटात सोडा, पाटाचा आकार. पण जागा तेवढीच व्यापतात. एक लिटर पाणी उभ्या बाटलीत जास्त दिसेल, पसरट घमेल्यात कमी दिसेल, तरी ते एक लिटरच. द्रव भांड्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, मध्ये पोकळी राहत नाही. म्हणून द्रव मिलीत मोजता येतो.

घन पदार्थाला आकारही स्वतःचा आणि जागाही स्वतःची. युरियाचा दाणा कुठल्याही भांड्यात टाका, तो गोलच राहतो. मग युरिया ओतता कसा येतो? तर आपण एकेक दाणा ओतत असतो. सगळे दाणे मिळून भांड्याचा आकार घेतल्यासारखे दिसतात, पण दोन दाण्यांच्या मध्ये हवा राहते. पाणी वर सपाट होतं, युरियाचा ढीग होतो, तो याचमुळे.

*पावडर फसवते कशी?*
एक लिटरचा मग पाण्याने भरला तर पाणी एक किलो. तोच मग युरियाने काठोकाठ भरला तर युरिया साधारण पाऊण किलो. मगातली जवळपास चाळीस टक्के जागा हवेची असते.

बुरशीनाशकाची पावडर तर याहून हलकी आणि फुगीर. डबा नुकता हलवला असेल तर पावडर मोकळी असते, चमच्यात कमी बसते. डबा महिनाभर ठेवलेला असेल तर ती दबते, त्याच चमच्यात जास्त बसते. चमचा तोच, डोस वेगळा. शिवाय प्रत्येक कंपनीची पावडर सारखी भरत नाही. म्हणून *पावडर म्हणजे ग्रॅम, आणि ग्रॅम म्हणजे वजनकाटा.*

डोस कमी पडला तर करपा आटोक्यात येत नाही आणि फवारणीचा खर्च वाया जातो. जास्त झाला तर पात पिवळी पडते, शेंडे जळतात आणि मालात औषधाचा अंश राहतो. निर्यातीच्या मालात तर तपासणीत लॉट नाकारला जातो.

*पातळ पदार्थातही एक गोम आहे*
सगळे द्रव पाण्याइतके वजनाचे नसतात. दूध एक लिटर म्हणजे साधारण १ किलो ३० ग्रॅम. ठिबक साफ करायला वापरतो ते ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड एक लिटर म्हणजे जवळपास १ किलो ७०० ग्रॅम! शिफारस "एक किलो" असेल आणि आपण एक लिटर टाकलं, तर दीडपटीहून जास्त गेलं. म्हणून शिफारशीत किलो लिहिलंय की लिटर, हे आधी बघा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात टाका, *ॲसिडवर पाणी कधीही ओतू नका.* हातमोजे आणि चष्मा पाहिजेच.

*ड्रम भरताना*
विरघळलं म्हणजे जागा गेली, असं नाही. काठोकाठ भरलेल्या २०० लिटरच्या ड्रममध्ये १० किलो युरिया टाकला तर सात लिटरच्या वर पाणी बाहेर सांडेल. म्हणून आधी अर्धा ड्रम पाणी, मग खत टाकून पूर्ण विरघळवणं आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी.

डब्ल्यूपी लिहिलेली पावडर पाण्यात विरघळतच नाही. तिचे बारीक कण घनच राहून पाण्यात तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाला बसतात. मग सुरुवातीचं आणि शेवटचं पाणी सारख्या ताकदीचं राहत नाही. आधी छोट्या बादलीत पेस्ट करा, गाळून ड्रममध्ये टाका, फवारणी संपेपर्यंत ढवळत राहा. एससी औषधातही घन कण असतात, बाटली चांगली हलवूनच माप घ्या.

*लक्षात ठेवा*
१) लेबलवर ग्रॅम असेल तर वजनकाटा, मिली असेल तर मापाचा कप. अदलाबदल नको.
२) काटा आणि कप औषधासाठी वेगळे ठेवा. स्वयंपाकघरातले वापरू नका.
३) मापाचा कप सपाट जागी ठेवून, डोळा खुणेच्या रेषेत आणून वाचा. पंपाची खूणही तशीच. उतारावर पंप ठेवला तर पाणी एका बाजूला चढलेलं दिसतं.
४) काटा नसेल तर पुड्याच्या हिशोबाने पाणी घ्या. उदा. लिटरला अडीच ग्रॅम शिफारस असेल, तर २५० ग्रॅमचा पूर्ण पुडा १०० लिटरला. मोजायची भानगडच नाही.
५) उरलेलं औषध मूळ पुड्यातच ठेवा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही नको, घरात लेकरं असतात.
६) पिकासाठी डोस किती आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, ते लेबलवर वाचा.

शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्र, नारायणगाव येथे विचारा किंवा किसान कॉल सेंटरला फोन करा: १८००-१८०-१५५१ (मोफत).

आपल्या वस्तीवर फवारणी करणाऱ्या प्रत्येकापर्यंत हा मेसेज पोहोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.