आदेश डॉक्टरांचा, हात सिस्टरचे

अतिदक्षता विभागात डॉक्टर राऊंड घेऊन पुढच्या बेडकडे वळतात. सिस्टर मात्र अख्खी शिफ्ट रुग्णापाशी असते. सक्शन करताना तो कसा कळवळतो, दाराबाहेर नातेवाईक काय कुजबुजतात, हे तिला आधी कळतं. सुधारण्याची आशा मावळली तरी फाइलीतला आदेश तोच राहतो: सुया टोचत राहायच्या, हृदय थांबलं तर छाती दाबायची.

अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी या घुसमटीची मांडणी १९८४मध्ये केली. द्विधा मनःस्थितीत योग्य काय तेच उमगत नाही. इथे ते उमगलेलं असतं, पण संस्थेची चौकट करू देत नाही.

आपल्याकडे उलटा प्रसंगही येतो. रुग्ण वाचेल अशी चिन्हं असतात, पण बिल आवाक्याबाहेर जातं. नातेवाईक सही करून त्याला घरी नेतात. रुग्णालयाच्या भाषेत ही 'लामा' केस, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडणं. त्याला घरी नेण्याची तयारीही तीच सिस्टर करून देते.

बरं, योग्य काय याबाबत सगळ्या परिचारिकांचं एकमत असतं असंही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. इतक्या वर्षांत त्यांनी अरुणाताईंना एकही बेडसोअर होऊ दिला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११च्या निकालात या सेवेचं कौतुक केलं, विराणींची मागणी फेटाळली आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या संमतीने, जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाटही मोकळी केली. अरुणाताई १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

पुढे २०१८मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३मध्ये किचकट प्रक्रिया सुटसुटीत केली. आता उपचार थांबवायचे की नाहीत, याचा विचार आधी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ करतं, मग दुय्यम मंडळ. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. नातेवाइकांची संमतीही लागते.

या रचनेत परिचारिकेसाठी खुर्ची नाही. व्हेंटिलेटर काढल्यावर वेदनाशामक वेळेवर देणं, धाप वाढली का पाहणं, नातेवाइकांना आत बोलावणं ही कामं मात्र तिचीच. तिला बैठकीला बोलावण्यापासून नियम कुणालाही अडवत नाहीत. रात्रपाळीत तिने काय पाहिलं, हे मंडळाने सही करण्यापूर्वी विचारून फाइलीत नोंदवलं, तर निदान आदेश पाळणाऱ्याचं म्हणणं कागदावर येईल.