फरशी काळी, दोष कुणाचा?

दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे आपल्या बायकांची वार्षिक परीक्षाच. माळे रिकामे होतात, डबे घासून उन्हात पडतात, पंख्यांवरची जळमटं निघतात. सगळे पेपर सोपे जातात, पण एखादा विषय हमखास नापास करतो. माझा तो विषय होता स्वयंपाकघरातलं लिनोलियम. कितीही घासा, ओट्यापुढचा तो काळा पट्टा हलायचं नाव घेत नसे. त्या पट्ट्यापायी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगायला थोडी लाज वाटते, तरी सांगते, कारण ही चूक आपल्यापैकी अनेकींच्या घरात रोज होत असणार.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, जुन्या पद्धतीचं. खाली शहाबादी फरशी. उंचसखल, सांध्यांत सिमेंट निघालेलं. २००४ मध्ये मोठ्याची मुंज ठरली, तेव्हा फरशी बदलण्याइतके पैसे हातात नव्हते. मग बाजारात रोलमधून कापून मिळतं ते लिनोलियम आणलं. बदामी रंग, त्यावर तपकिरी चौकटी, मध्ये टाइल्ससारख्या बारीक खाचा. अंथरलं आणि स्वयंपाकघराचा नूरच पालटला. मुंजीला आलेली प्रत्येक बाई विचारायची, "टाइल्स कधी बसवल्या हो?" मी आपली खुशीत.

ती खुशी दोन वर्षं टिकली. मग ओट्यापुढे, दाराच्या तोंडाशी आणि फ्रिजकडे जायच्या वाटेवर काळपट छटा दिसायला लागली. खाचांमधली घाण तर कोरल्यासारखी. पायाला जरासं चिकट लागायचं. मी पावडर वाढवली. आधी बादलीत चमचाभर टाकत होते, ती मूठभर टाकायला लागले. तरी काळं ते काळंच.

मग दोष कुणाचा? अर्थातच केरफरशीला येणाऱ्या मावशींचा! "मावशी, तुम्ही नुसतं फडकं फिरवता, जोर लावत नाही," हे वाक्य मी रोज म्हणायला लागले. मावशी काही बोलायच्या नाहीत. खाली बसून निमूटपणे पुन्हा पुसायच्या. त्या वर्षी त्यांनी पगारात पन्नास रुपये वाढवून मागितले. मी म्हटलं, "आधी फरशी स्वच्छ दिसू दे, मग बघू." हे वाक्य मला आजही टोचतं.

२००७ च्या दिवाळीआधी तर मी कहरच केला. बाथरूमसाठी घेतात ते ॲसिड दुकानातून आणलं आणि बाटली मावशींच्या हातात दिली. "हे लावून घासा, बघू कसं निघत नाही ते!" सोबत तारेची घासणी. हातमोजे द्यावेत, हे डोक्यातही आलं नाही. झालं काय, तर लिनोलियमचा काळेपणा होता तिथेच राहिला. कडेने ॲसिड उंबऱ्याजवळच्या शहाबादीवर ओघळलं, तिथे फसफसलं आणि फरशीवर पांढरट, खरखरीत डाग उठले ते कायमचे. आणि मावशींच्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघाली. त्यांनी खोबरेल तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला आल्या.

त्याच आठवड्यात माझी आत्या डोळे दाखवायला आमच्याकडे आली होती. आत्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती. तिची नजर आधी फरशीवर गेली नाही, मावशींच्या बोटांवर गेली. "हे कशानं झालं?" मी सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "ॲसिड हातावर पडलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, चांगली वीस मिनिटं. तेल नाही लावायचं. आणि मुळात ते हातात द्यायचंच नाही." त्या दिवशी मावशींना घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. आधीच जायला हवं होतं.

संध्याकाळी आत्याने एक गंमत करून दाखवली. मावशी नुकत्याच फरशी पुसून गेल्या होत्या. आत्याने स्वच्छ धुतलेलं एक फडकं साध्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि ओट्यापुढच्या काळ्या पट्ट्यावर गोल गोल घासलं. मिनिटभरात फडक्याखाली फेस! पाण्यात साबणाचा कण नव्हता, तरी फेस. आत्या म्हणाली, "अगं, हा मळ नंतरचा. आधी बसलाय तो तुझा साबण."

तेव्हा मला उलगडा झाला. आपण बादलीत मूठभर पावडर घालतो, फडकं फिरवतो आणि फरशी तशीच वाळू देतो. पाणी उडून जातं, साबण कुठे जाणार? तो फरशीवर पातळ, चिकट थर धरून बसतो. त्यावर चपलांची माती, फोडणीचा तेलकटपणा, पिठाचे कण येऊन चिकटतात. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी साबण. त्यात आमचं पाणी बोअरचं. अशा जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा राप तयार होतो. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो ना, तसाच. म्हणजे मी जितकी पावडर वाढवत होते, तितकी फरशी काळी होत होती. आणि बोलणी खात होत्या मावशी.

मग तीन दुपारी आम्ही तिघींनी मिळून ते स्वयंपाकघर साफ केलं. कसं, ते नीट सांगते.

आधी कोरडा केर दोनदा काढला. कोपऱ्यातली, खाचांतली रेती निघाली नाही, तर ओलं फडकं तीच रेती पॉलिश पेपरसारखी फरशीवर घासत फिरतं. मग एका वेळी दोन हात लांब आणि दोन हात रुंद एवढाच तुकडा घ्यायचा. सगळी खोली एकदम ओली करायची नाही. कोमट पाण्याने तो तुकडा ओला केला आणि दहा मिनिटं तसाच सोडला. वाळू मात्र द्यायचा नाही. मळ जोराने निघत नाही, भिजल्यावर निघतो. पहिल्या दोन वेळी आत्याने पाण्यात साबण घातलाच नाही. म्हणाली, "आधीचा आहे तोच पुरेल!" आणि खरंच पुरला.

मग मऊ ब्रशने हलक्या हाताने गोल गोल घासलं, खाचांमध्ये जुना दातांचा ब्रश चालवला. पाणी चहासारखं झालं. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी मी कधीच केली नव्हती. ते घाण पाणी जुन्या पंचाने टिपून घ्यायचं आणि वेगळ्या बादलीत पिळायचं. नाहीतर वर आलेला मळ पुन्हा खाचांत जाऊन बसतो. त्यासाठी दोन बादल्या हव्यातच, एक स्वच्छ पाण्याची, एक घाण पिळायची. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा पुसायचं. फेस यायचा थांबला की समजायचं, साबण संपला. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं.

तिसऱ्या वेळी, जिथे तेलकट होतं तिथे, पाच लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा घातला. एवढाच. चपलांच्या काळ्या रेघा खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट बोटाने चोळून गेल्या. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, तेव्हा घाबरू नका. हळदीचा रंग उन्हाने उडतो. खिडकीजवळचा आमचा डाग काही दिवसांत आपोआप फिका झाला.

तिसऱ्या दिवशी बदामी रंग पुन्हा दिसला. सगळीकडे नाही. जिथे तारेची घासणी फिरली होती, तिथे ओरखडे राहिले आणि त्यांत मळ पुन्हा लवकर बसायचा. ते माझ्याच हट्टाचे ओरखडे.

मी मावशींना म्हटलं, "माझंच चुकलं हो. मी उगाच तुम्हाला बोलत राहिले." मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "वहिनी, मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पावडर कमी घाला, चिकट होतंय. तुम्हीच म्हणालात, तुम्हाला काय कळतंय त्यातलं." मला आठवलं. खरंच म्हटलं होतं. रोज त्या फरशीला हात लावणारी बाई सांगत होती, आणि मी पावडरच्या पाकिटावरच्या जाहिरातीवर विश्वास ठेवत होते. त्या महिन्यापासून पगार वाढवला. पन्नास नव्हे, शंभर रुपयांनी. पण शब्द काही परत घेता येत नाहीत.

आता थोडी माहिती, कारण ती नसल्यामुळेच मी फसले. आपल्याकडे दुकानात ज्याला लिनोलियम म्हणतात, ते बहुतेक वेळा पीव्हीसीचं, म्हणजे प्लॅस्टिकचं असतं. खरं लिनोलियम वेगळं. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नाव लॅटिन शब्दांवरून आलं, लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. आपलं चटणीचं जवस, त्याचंच तेल हवेवर घट्ट करून, त्यात राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा मिसळून तागाच्या कापडावर ते थापतात. ओळखायचं असेल तर कापलेल्या कडेची मागची बाजू पाहा. तागाचं विणलेलं कापड असेल तर ते खरं लिनोलियम. फोम किंवा नुसतं प्लॅस्टिक असेल तर पीव्हीसी.

हा फरक कशाला हवा? खरं लिनोलियम तेलाचं असल्यामुळे त्याला धुण्याचा सोडा आणि तीव्र क्षार चालत नाहीत. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो, म्हणजे फरशीच हळूहळू विरघळायला लागते. जास्त पाणीही त्याला चालत नाही, मागचा ताग भिजून कडा उचलल्या जातात. पीव्हीसीचे शत्रू वेगळे. थिनर, नेलपॉलिश काढायचं औषध, गरम कढई आणि रबरी पाठीची पायपुसणी. रबरामुळे खाली जो पिवळा डाग पडतो तो निघतच नाही. पायपुसणं सुती घ्या. एक दाराबाहेर, एक आत. निम्मा मळ तिथेच थांबतो. गॅसचा सिलिंडर ओढत नेऊ नका, ट्रॉलीवर ठेवा.

बोअरच्या पाण्याचा पांढरट राप पीव्हीसीवर राहिला, तर शेवटच्या बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला आणि नंतर साध्या पाण्याने पुसा. पण हे पाणी शहाबादी किंवा कोटा फरशीवर जाऊ देऊ नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आंबट पदार्थाने ते झिजतात. ॲसिडने तर फसफसून खरखरीत होतात, आणि खरखरीत फरशी दुप्पट वेगाने काळी पडते. मोझेकचंही तसंच.

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. एकापाठोपाठ एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, डोळे आणि घसा जळजळतो, श्वास कोंडतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. असं चुकून झालंच तर साफ करत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या, आणि त्रास होत असेल तर दवाखाना गाठा. फरशीचं नंतर बघता येतं.

आमच्या स्वयंपाकघरात पुढे टाइल्स आल्या. लिनोलियमचा चांगला राहिलेला तुकडा माडीवरच्या खोलीत अजून आहे. मावशी आता थकल्या, कामाला त्यांची सून येते. बादली भरून झाली की मी साबणाची बाटली तिच्या हातात देते आणि म्हणते, "तूच घाल, तुला लागेल तेवढा." ती जेमतेम अर्धा चमचा घालते. फरशी लख्ख असते.

आज संध्याकाळी तुम्हीही करून पाहा. पुसून वाळलेल्या फरशीवर साध्या पाण्याचं स्वच्छ फडकं घासा. फेस आला, तर घरात फरशी पुसणाऱ्या बाईला काही बोलण्याआधी पावडरच्या डब्याकडे एकदा बघा.