पेठेतला व्यवहार कळणं हीसुद्धा पात्रताच

गैरसमज: ओपन सोर्समध्ये कोड द्यायचा तर आधी पट्टीचा प्रोग्रामर व्हायला हवं.

वस्तुस्थिती: प्रोग्रामिंग यायलाच हवं, पण नवख्याचं खरं भांडवल म्हणजे जवळून पाहिलेली अडचण. हिशेब, साठा आणि बिलं सांभाळणारं मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ घ्या. ऋषभ मेहता यांना त्याची गरज जाणवली ती घरच्या फर्निचर व्यवसायात. आज त्याचा पायथन-जावास्क्रिप्टमधला कोड कुणीही वाचू आणि बदलू शकतं. छत्रपती शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरी व्यापारपेठेत अडत, हमाली, तोलाई कशी धरतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मुरलेल्या प्रोग्रामरच्या नजरेतून निसटलेली चूक सापडू शकते. नवख्यांना वाव दिला तर सॉफ्टवेअर बिघडेल, ही शंका रास्त आहे. पण पाठवलेला बदल थेट आत जात नाही. प्रकल्प सांभाळणारे तो तपासतात, सुधारायला सांगतात, प्रसंगी नाकारतात.

गैरसमज: भरपूर आणि मोठे बदल पाठवले की नाव होतं.

वस्तुस्थिती: तपासणाऱ्यांचा वेळ हीच इथली सर्वांत दुर्मीळ गोष्ट. 2020 च्या ‘हॅकटोबरफेस्ट’ या ओपन सोर्स उपक्रमात चार बदलांवर टी-शर्ट मिळत होता. त्यापायी निरर्थक बदलांचा इतका पूर आला की संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवण्याचा नियम आयोजकांना मध्येच करावा लागला. म्हणून आवृत्ती कोणती, काय केल्यावर चूक होते आणि काय व्हायला हवं होतं, हे आधी नेमकं कळवावं. मग एकच दुरुस्ती आणि ती पडताळणारी चाचणी पाठवावी.

गैरसमज: हे कंपन्यांसाठी फुकट राबणं आहे.

वस्तुस्थिती: आक्षेप अगदीच पोकळ नाही, सुरुवातीच्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. पण 1991 मध्ये एका विद्यार्थ्याच्या हौसेतून सुरू झालेल्या लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीच्या गाभ्याचं बहुतांश काम आज पगारी लोक करतात. ओपन सोर्समधल्या कामासाठी मानधन देणारा ‘गूगल समर ऑफ कोड’ हा उपक्रमही 2022 पासून विद्यार्थी नसलेल्या प्रौढ नवख्यांना खुला आहे. शिवाय ईआरपीनेक्स्टच्या जीपीएल परवान्यानुसार, सुधारलेली प्रत वाटणाऱ्याला तिचा कोडही द्यावा लागतो. तरीही मोबदल्याची खात्री नसताना शहाणपण एवढंच, की आपण स्वतः रोज वापरतो तेच सॉफ्टवेअर निवडावं. म्हणजे दुरुस्तीचा पहिला लाभ आपल्यालाच होतो.