रेल्वेतील स्वयंचलन : काम, सुरक्षितता आणि खासगीपणा

भुसावळ हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय होय. वाफेच्या इंजिनांबरोबर येथील फायरमनचे काम संपुष्टात आले. सिग्नल व सांधे यांचा मेळ राखण्याचे काम तरफांकडून विजेच्या इंटरलॉकिंग यंत्रणेकडे गेले. तथापि यंत्राची सुरक्षितता ते जोडणाऱ्या कुशल हातांवरच अवलंबून असते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे झालेल्या अपघाताच्या चौकशीत सिग्नल-परिपथात फेरफार करताना झालेल्या चुका आढळल्या. आता इंजिनाच्या कक्षात ध्वनी व चित्र नोंदविणारी यंत्रणा बसविली जात आहे. अपघाताचे कारण शोधण्यास ती उपयुक्त आहे. परंतु तिच्यायोगे लोको पायलटवर सतत पाळत राहिल्यास खासगीपणावर आक्रमण होईल. म्हणून या नोंदी कोणी, केव्हा व कशासाठी पाहाव्यात, हे नियमाने निश्चित होणे आवश्यक आहे.