गावाचे आग विझवणारे पथक : वरवंड परिसरासाठी काही सूचना



माघ-फाल्गुनात आपल्या दौंड तालुक्यात ऊस अंगावर वाळका पाला घेऊन तोडीची वाट बघत उभा असतो. ज्वारी निघून कडब्याच्या गंज्या रचलेल्या असतात. गुऱ्हाळांपुढे चिपाडांचे ढीग असतात. भुलेश्वराच्या आणि सुप्याच्या बाजूच्या माळावरचे गवत तर असे वाळते, की विडीचे थोटूकही त्याला पुरते. याच दिवसांत दुपारचा वारा सुटतो. म्हणून आगीचा विचार आत्ताच केलेला बरा.

आग लागल्यावर आपण काय करतो? बंब बोलावतो. बंब यायचा तो दौंडहून किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून. वरवंडपासून ही दोन्ही ठिकाणे सुमारे वीसेक किलोमीटर. निरोप पोचून गाडी निघायची, सोलापूर रस्त्याची गर्दी ओलांडायची आणि मग शिवेच्या अरुंद पाणंदीतून वस्तीवर यायचे. तेवढ्या वेळात एक-दोन एकर वाळका ऊस सहज जळून जातो. यात बंबवाल्यांचा दोष नाही. अग्निशमन सेवा घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामात धरलेली आहे; पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. मात्र १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कामांच्या यादीत आग विझवण्यास साहाय्य करणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे काम आहे. तेव्हा ग्रामसभेत ठराव करून पथक उभे करायला पंचायतीला कुणी अडवत नाही.

स्वयंसेवकांनी आग विझवणे ही काही नवलाची गोष्ट नाही. चिली देशात बंबावरचे सगळे जवान बिनपगारी स्वयंसेवक असतात. जपानच्या खेड्यांतून शेतकरी आणि दुकानदार आपला धंदा सांभाळून गावाच्या पथकात काम करतात. युरोपातल्या डोंगराळ खेड्यांतही हाच रिवाज आहे, कारण तिथेही शहराचा बंब वेळेवर पोचत नाही. आपल्याकडे वणव्याच्या वेळी वनखात्याच्या माणसांबरोबर गावकरी धावतातच. त्या धावण्याला थोडी शिस्त लावायची, एवढेच काम आहे.

माणसे कोणती घ्यावीत

गावात पथक काढायचे म्हटले की पहिल्या दिवशी चाळीस पोरं नावे देतात. त्यातली निम्मी दिवसा कुरकुंभच्या कंपनीत नाहीतर पुण्याला असतात, आणि ऊस पेटतो दुपारी. म्हणून नावे घेताना एकच गोष्ट विचारावी : दुपारी बारा ते चार तुम्ही कुठे असता? जो शिवारात किंवा गावठाणात असेल तो आपल्या कामाचा. दुकानदार, गॅरेजवाले, टँकरवाले, दूध संकलन केंद्रावरची माणसे आणि वस्तीवर राहणाऱ्या बायाबापड्या यांना आवर्जून घ्यावे. बारा-पंधरा माणसे पुरेत, पण प्रत्येक वस्तीवरचे कुणीतरी हवे. रात्रीची यादी वेगळी करावी. तिथे कंपनीतून परतलेली पोरं चालतील.

एकजण प्रमुख आणि एकजण त्याच्या खालचा. आगीच्या जागी प्रमुखाचा शब्द चालेल, मग सरपंच तिथे असोत की पाहुणे म्हणून आलेले पुढारी. हे आधीच ग्रामसभेत बोलून घ्यावे. आगीपुढे दहाजण दहा हुकूम सोडतात आणि पाणी भलतीकडेच जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

खबर कशी द्यायची तेही ठरवून ठेवा. मोबाइलवरच्या गटात निरोप टाकला की काम झाले, असे काहीजण समजतात. दुपारी झोपलेला माणूस तो निरोप संध्याकाळी वाचतो. पंचायतीचा भोंगा किंवा देवळाची घंटा याला अजून तोड नाही. भोंगा वाजला की पथकातल्या माणसाने ठरल्या जागी यायचे. बंबासाठी १०१ किंवा ११२ ला त्याच वेळी फोन करायचा. गावाचे पथक निघाले म्हणून बंबाला बोलवायचे थांबू नये. वणवा वनखात्याच्या जमिनीत असेल तर १९२६ वर कळवावे.

पाणी आणि अवजारे

नवा बंब घेण्याच्या नादी लागू नका. आपल्या गावात बंबाचे बहुतेक सामान आधीच आहे. द्राक्ष-डाळिंबवाल्यांकडे ट्रॅक्टरचे फवारणी यंत्र असते. त्याच्या टाकीत साधारण ५०० लिटर पाणी मावते आणि नळी लांबवर जाते. मिनिटाला ३० लिटर पाणी सोडले तर ही टाकी सोळा-सतरा मिनिटांत रिकामी होते. म्हणून तिच्या मागे ५,००० लिटरचा पाण्याचा टँकर हवा. तो फवारणीची टाकी दहा वेळा भरून देतो. हे दोन मिळून झाला तुमचा बंब. टँकरची चावी कुणाकडे, ट्रॅक्टरमध्ये डिझेल किती, हे दर आठवड्याला एकाने बघावे. हंगामात टँकर रात्री भरूनच उभा करावा. आणि फवारणीची टाकी तीन वेळा खंगाळून घेतल्याशिवाय पथकाला देऊ नये. तणनाशकाचे उरलेले पाणी शेजारच्या भाजीवर पडले तर आग विझूनही भांडण पेटेल, शिवाय जवानाच्या अंगावर विष उडेल ते वेगळेच.

पाणी कुठून भरायचे याचा नकाशा करा. वरवंडला व्हिक्टोरिया तलाव आहे, कालवा आहे, शेततळी आणि विहिरी आहेत. पण तलावाचे पाणी उन्हाळ्यात मागे हटते आणि गाळात टँकर रुततो. कालव्याला आवर्तन नसले की तिथे नुसता तळ. म्हणून प्रत्येक महिन्याला कोणत्या ठिकाणी गाडी पाण्यापर्यंत जाते, हे प्रत्यक्ष चालवून पाहावे. ज्या पाणंदीत टँकर वळत नाही तिथली बाभळीची फांदी आजच छाटून टाका.

बाकी सामान साधे : गोणपाट, फावडी, कुदळी, कोयते, पाठीवरचे पंप, दोऱ्या, विजेऱ्या. गवताच्या आगीवर ओले गोणपाट किंवा कडुनिंबाची हिरवी डहाळी फार कामाची. झोडपताना डहाळी उंच उचलून आपटू नये, ठिणग्या उडतात. दाबून, आगीच्या दिशेने सारत न्यावी. कपडे सुतीच घालावेत. नायलॉनचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. पायात चपला घालून कुणी आले तर त्याला पाणी भरायच्या कामाला लावावे.

उसाला आणि डोंगराला आग

ऊस पेटण्याची कारणे नेहमीची आहेत : लोंबत्या तारा, डीपीवरच्या ठिणग्या, बांध जाळणे, मध काढायला केलेला धूर. तारा लोंबत असतील तर महावितरणला लेखी कळवून पोच घ्या. विजेमुळे आग लागली तर पुढे भरपाईच्या वेळी विद्युत निरीक्षकाच्या अहवालाबरोबर तो कागद उपयोगी पडतो. तार पडलेली असेल तर वायरमनने प्रवाह बंद केल्याचे सांगेपर्यंत पाण्याचा थेंबही मारू नये.

आगीच्या तोंडापुढे कुणीही उभे राहायचे नाही, उसात तर मुळीच नाही. उसात शिरलेल्या माणसाला दिशा कळत नाही आणि धूर आधी गाठतो. जळून गेलेल्या बाजूने, वाऱ्याला पाठ देऊन, दोन्ही कडांनी आग दाबत पुढे जावे. पुढचा ऊस वाचवायचा तर बरेच पुढे जाऊन ट्रॅक्टरने पट्टा आडवा करून पाला बाजूला ओढावा. समोरून उलटी आग लावणे हे जाणत्याचे काम. नवख्या पथकाने त्या वाटेला जाऊ नये.

डोंगराचे गणित निराळे. आग चढावर पळते. उतार दहा अंशांनी वाढला तर तिचा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणून पेटत्या गवताच्या वरच्या अंगाला माणूस कधीही पाठवू नये. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधीच जाळरेषा साफ करून ठेवाव्यात.

पाचटाबद्दल दोन शब्द. पाचट जाळू नका, असे आम्ही नेहमी सांगतो आणि ते खरेच आहे. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे जमिनीचे खतच. पण खोडव्यात पसरलेले कोरडे पाचट हे जळणही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. बांधाच्या कडेने दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा, पाचट सरीत दाबून, कुजवणारे जिवाणू वापरून लगेच पाणी द्यावे. ओले पाचट पेटत नाही.

जळीत ऊस लवकरात लवकर कारखान्याला जायला हवा, कारण वजन आणि उतारा रोज घटतो आणि कपातही होते. पण कोयता लावण्याआधी तलाठ्यांकडून पंचनामा आणि फोटो करून घ्या.

कोपी, गोठा आणि घर

सगळ्यात जास्त काळजी ऊसतोड कामगारांच्या कोपींची वाटते. बीड-नगरकडून आलेली ही कुटुंबे पाचटाच्या आणि वाढ्यांच्या कोपीत राहतात, चूल दाराशीच असते आणि मायबाप फडात असताना लहान पोरं आत झोपलेली असतात. उसाचे पैसे बुडाले तर वर्ष बुडते. कोपी पेटली तर पोर जाते. टोळी उतरली की पथकाने त्याच दिवशी जावे. कोपी विजेच्या तारांखाली आणि एकमेकींना चिकटून नको. मध्ये आठ-दहा पावलांचे अंतर ठेवायला सांगावे, चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि दगडांच्या आडोशात करून द्यावी, प्रत्येक रांगेला पाण्याचे एक पिंप भरून ठेवावे. फडाच्या मालकाने पिंप दिले नाही तर पंचायतीने द्यावे.

गोठ्यात जनावर सुरगाठीने बांधावे, म्हणजे एका झटक्यात सुटते. गोठ्याच्या खांबाला एक विळा कायम टांगलेला असावा. सोडलेली म्हैस घाबरून पुन्हा जळत्या गोठ्यात शिरते, म्हणून तिला लांब नेऊन बांधायला एक माणूस नेमून द्यावा. कडब्याची गंजी घरापासून आणि तारांपासून दूर रचावी. ओला चारा गंजीत दाबला तर तो आतून तापतो. गंजी विझल्यासारखी दिसली तरी पेंढ्या ओढून, पसरून भिजवाव्यात आणि रात्रभर एकाने राखण करावी.

कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नये. ताट झाकावे आणि गॅस बंद करावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी ओतत राहावे, मग स्वच्छ कापड. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. १०८ ला फोन करावा.

सराव आणि हिशेब

महिन्यातून एकदा भोंगा वाजवून घड्याळ लावा. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल, चावी सापडणार नाही, नळीचा जोड बसणार नाही. ते सरावात कळलेले चांगले. १४ एप्रिल हा दिवस सरावाला योग्य आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान कामी आले, म्हणून देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात दौंड किंवा कुरकुंभच्या केंद्राला विनंती करून त्यांच्या जवानांकडून शिकून घ्यावे.

पथकाला पगार नसला तरी खर्च असतो. डिझेल, नळी, टँकरची खेप यांचा हिशेब एका वहीत लिहावा आणि ग्रामसभेत वाचावा. प्रत्येक जवानाचा अपघात विमा पंचायतीने उतरवावा. त्याशिवाय कुणाच्या पोराला आगीसमोर पाठवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे मत आहे. त्याच वहीत प्रत्येक आगीची नोंद करावी : कुठे लागली, खबर किती वाजता आली, पहिले पाणी किती वाजता पडले, काय कमी पडले. वही भोंग्याशेजारी टांगावी आणि तिच्या पहिल्या पानावर वायरमन, तलाठी, टँकरवाले व पशुवैद्यक यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहावेत.