रथ आणि गावाची वेस

माल्टातल्या गावोगावच्या संतांच्या उत्सवांवर जेरेमी बॉइसेव्हेन या मानववंशशास्त्रज्ञाचे पुस्तक १९६५ साली आले. हे उत्सव ओसरत जातील, असा त्याचा अंदाज होता. झाले उलटेच. सत्तरच्या दशकापासून युरोपभर मिरवणुका वाढत गेल्या. आपला अंदाज चुकल्याचे त्याने मान्य केले आणि १९९२ साली याच पुनरुज्जीवनावर एक ग्रंथ संपादित केला. पोटापाण्यासाठी पांगलेली माणसे आणि शेजारी असून अनोळखी झालेली घरे वर्षातून एकदा ‘आपण’ होऊ पाहतात, असे त्याचे म्हणणे होते. पिंप्राळ्याच्या आषाढी एकादशीच्या रथाकडे पाहताना मला ते पटते. पिंप्राळा जळगाव शहरात केव्हाच मिसळून गेले. शहराला स्वतःचा, १८७२ साली अप्पा महाराजांनी सुरू केलेला, कार्तिकी एकादशीचा रामरथ आहे. तरीही पिंप्राळेकरांनी आपल्या विठ्ठलाचा रथ सोडला नाही. वेस पुसली गेली. पण ती कुठे होती, हे वर्षातून एक दिवस रथ सांगतो.

यावर पहिला आक्षेप हॉब्सबॉम आणि रेंजर या इतिहासकारांच्या १९८३च्या ग्रंथाच्या आधारे घेतला जातो: प्राचीन म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी परंपरा अलीकडे घडवलेल्या असतात. खरे आहे. जळगावचा रथही रेल्वे आणि कापसाने बाजारपेठ वाढवली त्याच काळातला. पण परंपरेचा कस वयावर लागत नाही, ती चालवायला लागणाऱ्या कसबावर लागतो. रथाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. दोर ओढणारे पुष्कळ असतात. मात्र फिरत्या चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारून रथ वळवणारे आणि थांबवणारे हात मोजके. क्षणभर चूक झाली तर हात किंवा पाय जाईल. हे पुस्तकातून शिकता येत नाही. जुन्यांच्या शेजारी वाकूनच ते हाताला येते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ‘आपण’ म्हटले की बाहेरचे कोण, हेही ठरते. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण-मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात, ही खंत इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या वारीवरच्या लेखात मांडली. बेल्जियममधल्या आल्स्टच्या कार्निव्हलने ज्यूंची विटंबना केली, म्हणून युनेस्कोने २०१९ साली त्याला वारशाच्या यादीतून वगळले. उलट जळगावचा रामरथ भिलपुऱ्यात लालशा बाबा या मुस्लिम संतांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे फुलांची चादर चढते. म्हणून उत्सव वाढला की घटला, एवढ्यावर अभ्यास थांबू नये. नव्या वसाहतींत राहायला आलेल्या मुलाच्या हाती दोर तर येतो. मोगरी केव्हा येते, हे पाहायला हवे.